सोसायटीच्या नोटिसांसाठी मेलिंग लिस्ट सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांनी मिळून केलेल्या यादीसाठी ही सशुल्क सेवा नऊ महिने वापरात आहे. पत्ते साधारण दोन हजार. मेल तीन प्रकारचे: पाणी बंद राहण्याची सूचना, देखभाल शुल्काची आठवण आणि सप्टेंबरातली वार्षिक सभेची नोटीस. पाण्याची सूचना हुकली तर फार तर बादल्या भरायच्या राहतात. सभेच्या नोटिशीला मात्र पूर्ण १४ दिवसांची मुदत लागते, ती स्पॅममध्ये पडून चालत नाही. सेवेचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं कुठल्याही सेवेला लागू पडतं.

सेवा चांगली आहे. पण पहिले तीन आठवडे काम आपल्यालाच करावं लागतं आणि ते टाळून भागत नाही.

मजकुरात ‘फ्री’ किंवा ‘ऑफर’ असे शब्द आले की मेल स्पॅममध्ये जातो, असा समज अजून पक्का आहे. शब्दांनाही गुण-अवगुण मिळतात, पण त्याआधी पाठवणारा खरा कोण हे तपासलं जातं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी नोंद) ही तिन्ही लागतात. मे २०२५ पासून आउटलुकच्या मोफत खात्यांसाठीही तसाच नियम आला. दोन हजारांची यादी या आकड्यात बसत नाही, तरी तिन्ही करून घ्याच. लहान पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही तर त्याचाही मेल अडतो.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीतली, नोंद. यात दोन चुका हमखास होतात. पहिली, आधीची नोंद असताना सेवेने दिलेली दुसरी नोंद वेगळी टाकणं. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते, दोन झाल्या की दोन्ही बाद. सेवेचा ‘इन्क्लूड’ (तिच्या सर्व्हरना परवानगी देणारा तुकडा) जुन्याच ओळीत घालायचा. दुसरी, इन्क्लूड वाढत जाणं. तपासताना डीएनएसच्या जास्तीत जास्त १० शोधांची मुभा आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म, ऑफिसचा मेल असं एकेक जोडत गेलं की ती कधी संपते ते कळतही नाही.

डीकेआयएमची सही तपासण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवायची २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली ३९२ अक्षरांची असते आणि डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ च मावतात. काही डोमेन विक्रेत्यांचं पॅनेल ती आपोआप दोन तुकड्यांत मांडतं, काही पॅनेल मुकाट्याने शेपूट कापतं. नोंद सेव्ह झालेली दिसते, सही मात्र जुळत नाही. म्हणून स्वतःच्या जीमेलवर एक चाचणी मेल पाठवायचा, ‘शो ओरिजिनल’ उघडायचं आणि तिन्हींसमोर ‘पास’ आहे का ते बघायचं. त्यातही बारकावा आहे. बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) गोळा करण्यासाठी परतीचा पत्ता बहुतेक वेळा सेवेच्या डोमेनचा असतो. त्यामुळे एसपीएफ पास होतो, पण तो सेवेच्या नावाने. डीमार्कला ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळणारा पास हवा, म्हणून डीकेआयएमची सही आपल्याच डोमेनची असायला हवी. डीमार्कची पॉलिसी सुरुवातीला ‘नन’ (काही कारवाई नको) ठेवा, महिनाभर रोजचे अहवाल बघा आणि मग ‘क्वारंटाइन’वर (स्पॅममध्ये टाका) जा.

ओळख पटली की पुढचं सगळं वाचणाऱ्याच्या बोटावर असतं. जीमेल म्हणतं, तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा आणि ०.३ ला पोचू देऊ नका. इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तीन जणांनी ‘स्पॅम’ दाबलं की ०.३ झालं. हे तिघे कोण असतात? बहुतेकदा अकरा महिन्यांचा करार संपवून गेलेले भाडेकरू. माणूस कळव्याला राहायला गेला तरी त्याला घोडबंदरच्या पाण्याची सूचना येत राहते. तो वैतागून स्पॅम दाबतो आणि त्याची झळ बाकीच्या सभासदांना बसते. घर रिकामं झाल्याची नोंद ऑफिसात होते त्याच दिवशी पत्ता यादीतून काढा. यादी निरोगी ठेवायला याहून मोठा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

बाहेर पडायची वाटही तितकीच सोपी हवी. मेलच्या हेडरमधून (मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक ओळींतून) एका क्लिकवर अनसबस्क्राइब करण्याची पद्धत २०१७ साली ठरली. ती साध्या लिंकवर न चालता पोस्ट विनंतीवर (मेल प्रोग्रॅमने मुद्दाम पाठवलेल्या मागणीवर) चालते, आणि त्याला कारण आहे. ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये सुरक्षेची यंत्रणा आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघू शकते. नुसती लिंक उघडल्यावर नाव कमी होत असेल, तर ऑफिसचा पत्ता दिलेले सभासद न सांगता गळतात. मेलच्या तळाशी असलेल्या लिंकवर सेवा ‘नक्की का?’ असं पान दाखवते, ते योग्य आहे. सभेच्या नोटिशीसाठी मात्र वेगळी यादी आणि वेगळं सबडोमेन (मुख्य डोमेनचा उपभाग) ठेवा. सूचनांना कंटाळून कुणी बाहेर पडला तरी नोटीस त्याला गेलीच पाहिजे.

नवा पत्ता घेताना सेवा पुष्टीचा मेल पाठवते. ही अडवणूक आहे असं समितीतल्या काहींना वाटतं, पण ती पायरी बंद करू नका. वॉचमनच्या टेबलावरच्या रजिस्टरात हाताने लिहिलेला पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं की मेल तिसऱ्याच माणसाला जातो. किंवा अशा पत्त्यावर पोचतो जो स्पॅमवाल्यांना पकडायला सापळा म्हणून ठेवलेला असतो. सापळ्यात पडलेला पाठवणारा स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जाऊ शकतो.

आता खरी तक्रार. बाउन्स हाताळण्यात ही सेवा कच्ची आहे. परत आलेल्या मेलवर कारणाचा कोड असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तो लगेच काढायला हवा. ४ ने सुरू होणारा कोड तात्पुरता असतो: मेलबॉक्स भरला, किंवा अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ म्हटलं. तिथे पुन्हा प्रयत्न करायचा, आणि सेवा तो करते. पण ५.७.२६ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. पत्ता ठणठणीत असतो. ही सेवा त्यालाही मेलेला पत्ता समजते. डीएनएसमध्ये हात लावताना डीकेआयएमची नोंद उडाली आणि त्याच दिवशी सूचना गेली, तर जीमेलवाल्या सभासदांची रांगच्या रांग निलंबित होऊ शकते. सपोर्टकडून उत्तर येतं, पण पत्ते एकेक करून आपल्यालाच चालू करावे लागतात. दर आठवड्याला यादीची फाइल उतरवून ठेवा आणि डीएनएस बदलल्यावर चाचणी मेलशिवाय काही पाठवू नका.

समितीच्या आपसातल्या चर्चेची यादी याच सेवेवर आहे, तिथे वेगळा पेच येतो. याहूने एप्रिल २०१४ मध्ये डीमार्क ‘रिजेक्ट’वर (मेल थेट नाकारा) नेलं. तेव्हापासून याहूचा पत्ता असलेल्या सदस्याचा मेल यादीतून फिरून गेला की नाकारला जाऊ शकतो, कारण विषयात जोडलेला टॅग आणि तळाची ओळ यांनी मूळ सही मोडते. ‘फ्रॉम’ बदलून ‘अमुक, यादीमार्फत’ असं करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करा. मग ‘रिप्लाय’ एकट्याला जाणार की सगळ्यांना, हे एकदा तपासून समितीला सांगा.

डोमेनचं खातं एखाद्या सभासदाच्या खासगी मेलवर काढलेलं असेल तर ते आधी सोसायटीच्या नावावर करा. नूतनीकरण चुकलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं एकदम जातं. समिती बदलताना शिक्का आणि चेकबुकाबरोबर त्या खात्याचा पासवर्डही लेखी द्या.