फ्रेंच की कॅरो-कान: प्रश्न उंटाचा आहे

बुद्धिबळात पांढऱ्याने ई४ ने, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारून, डाव उघडला आणि काळ्याकडून सिसिलियन बचावाचं पाठांतर झेपत नसेल, तर क्लबात खेळणारा माणूस बहुधा फ्रेंच (ई६) आणि कॅरो-कान (सी६) या दोन बचावांपाशी येऊन थांबतो. मी सहा वर्षं फ्रेंच खेळलो, गेली तीन वर्षं कॅरो-कान खेळतोय. वाईट दोन्ही नाहीत.

फ्रेंचमध्ये काळ्याचं सी-प्यादं एका दमात सी५ वर जातं, वजीर बी६ वर आला की पांढऱ्याच्या डी४ वरच्या प्याद्यावर ताण येतो. कॅरो-कानमध्ये तेच प्यादं आधी सी६, मग सी५. एक चाल फुकट जाते. ज्याला भांडायला आवडतं त्याने फ्रेंचच खेळावा, असं मीही म्हणेन.

पण तो सी८ वरचा उंट! ई६ खेळलं की आपल्याच प्याद्याने त्याला कोंडलं. एका रविवारी पांढऱ्याने तिसऱ्या चालीला ई५ ढकललं. मी काही चुकलो नाही. वजीर गेले, हत्ती गेले, आणि उरलं काय, तर पांढऱ्याचा डी४ वरचा घोडा आणि माझा डी७ वरचा उंट. माझी ई६, डी५ ची प्यादी पांढऱ्या घरांत, उंटही पांढऱ्याच घरांचा. घोडा काळ्या घरात निवांत. त्याला हा उंट जन्मात हात लावू शकत नाही. समोरचे काका चहाचा घोट घेत म्हणाले, "तुमचा उंट अजून गोठ्यातच का हो?" पुढे वीसेक चाली खेळलो, पण डाव तिथेच संपला होता.

कॅरो-कानमध्ये ई५ आलं की उंट लगेच एफ५ वर, मगच ई६. अर्थात मोकळा उंटही सांभाळावा लागतो. पांढऱ्याच्या एच४ ला गाफीलपणे ई६ केलं, तर जी४, मग एफ३, आणि जी६ वर परतलेला उंट एच५ ने अडकतो. मीही एकदा तो असा घालवलाय. एच४ ला एच५ खेळायचं, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

१९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तेव्हाचा जगज्जेता बोट्विनिक आव्हानवीर तालविरुद्ध पहिला डाव फ्रेंच खेळून हरला आणि कॅरो-कानकडे वळला. लढत तरीही गेलीच, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. पण १९६१ मध्ये तो कॅरो-कान घेऊनच उतरला आणि १३-८ ने किताब परत नेला.

काका हल्ली माझ्याविरुद्ध ई४ खेळत नाहीत. डी४ खेळतात, आणि त्यावर माझं अजून काही ठरलेलं नाही.