अर्धा माणूस, अर्धा पशू: गॉर्गन, गारूडा की विराल?

महाकाय रोबोंच्या अ‍ॅनिमेत (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांत) शत्रूचा सेनापती अर्धा जनावर असणं ही जुनी रीत. अशा सेनापतीसाठीच एखादी मालिका बघायची असेल, तर या तिघांतून निवडताना एक गोष्ट तपासा: त्याच्यातला पशू नुसता दिसण्यापुरता आहे, की कथेतही त्याला काही काम आहे?

दिसण्यात आर्चड्यूक गॉर्गनला तोड नाही. वर चिलखतातला योद्धा, खाली चार पायांचा वाघ. आपल्या नृसिंहाच्या बरोबर उलट. गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये (१९७२–७४, ९२ भाग) खलनायक डॉ. हेलच्या पदरी अर्धा पुरुष, अर्धी बाई असा बॅरन अशुरा आहे, स्वतःचं मुंडकं हातात घेऊन हिंडणारा काउंट ब्रोकन आहे. त्या गोतावळ्यात हा बाहेरून आलेला, मायसीनी या दुसऱ्या शत्रू-साम्राज्याचा माणूस चक्क शहाणा वाटतो. पण तो उगवतो उशिरा. पुढच्या 'ग्रेट माझिंगर'मध्ये (१९७४–७५, ५६ भाग) जरा चलती होते, तर तिथेही शेवटपर्यंत टिकत नाही. त्याच्या जागी मार्क्विस यानुस येते. आणि त्याच्या वाघपणाचं कथेला काही सोयरसुतक नाही. साधा घोडेस्वार असता तरी त्याने हेच डाव टाकले असते.

'कॉम्बॅटलर व्ही'मधला (१९७६–७७, ५४ भाग) महासेनापती गारूडा एरवी देखणा, राजबिंडा तरुण. लढाईला उतरला की पंख आणि नख्यांचा पक्षिमानव. नावातला गरुड आपलाच. दिग्दर्शक तादाओ नागाहामा यांना शत्रूच्या घरात डोकवायची हौस होती, त्यामुळे इथे गारूडाचा मानी स्वभाव दिसतो, आई ओरेआनावरची निष्ठा दिसते, त्याच्यावर जीव लावणारी यंत्रदासी मिया दिसते. दर आठवड्याला नवा राक्षसी रोबो पाठवायचा आणि हरायचं, हा साचा आहेच. मधले काही भाग त्यापायी कंटाळवाणेही होतात. पण आपण नेमके कोण, हे गारूडाला कळतं तिथे सगळा डाव उलटतो. काय कळतं ते सांगत नाही. एवढंच म्हणेन की माणूस आणि पक्षी या दोन रूपांकडे तुम्ही नंतर वेगळ्या नजरेने बघाल. तिघांतली सर्वांत चांगली शोकांतिका हीच.

'गुरेन लागान'मधला (२००७, २७ भाग) विराल मात्र सर्वांत सोपा प्रवेश. तिसऱ्याच भागात समोर येतो: शार्कसारखे दात, पंजासारखे हात आणि एन्की नावाचा रोबो. नायक मंडळी त्या एन्कीचं शिरस्त्राण हिसकावून आपल्या रोबोच्या डोक्यावर चढवतात, आणि त्या अपमानापासून वैर पेटतं. इथे पशुमानव ही अख्खी प्रजा आहे, त्यांचा राजा लॉर्डजिनोम याने घडवलेली. त्यांना मुलंबाळं होत नाहीत, रात्र झाली की झोपावंच लागतं, म्हणून माणसांवरचे हल्ले दिवसाउजेडी. म्हणजे पशुत्वाला इथे नियम आहेत आणि त्या नियमांची झळ विरालला शेवटपर्यंत लागते. बाकीचे दोघे अर्ध्यावर जातात, हा टिकतो, बदलतो. आरडाओरडा फार, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदाच बघत असाल तर विराल, डोळे झाकून. सत्तरच्या दशकातलं चित्रण आणि संथ चाल चालत असेल तर गारूडा. गॉर्गनसाठी म्हणून ९२ भागांच्या वाटेला जाऊ नका. माझिंगर बघायचाच असेल तर माझिंगरसाठी बघा, हा वरकड मिळेल. कॉम्बॅटलर घेतलात तर साधारण निम्म्यावर, गारूडाचा निकाल लागला की थांबायला हरकत नाही. पुढे सम्राज्ञी जानेराची फौज येते, आणि तिच्या सेनापतींमध्ये गारूडाची सर कुणालाच नाही.