महासाथीतल्या नेतृत्वावर वाद घालायचाय? आर्डर्न घ्या की लोव्हेन?

कोविडच्या महासाथीत राजकीय नेते कसे वागले, या विषयावर बोलायचं ठरलं की उदाहरण कोणाचं घ्यायचं इथेच गाडी अडते. अमेरिकेचे ट्रम्प किंवा ब्राझीलचे बोल्सोनारो घेतले तर वाद पाहता पाहता व्यक्तीवर घसरतो आणि धोरण बाजूलाच राहतं. खरी ताणाताणी आहे ती तेव्हाच्या दोन पंतप्रधानांत, न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न आणि स्वीडनचे स्टेफान लोव्हेन यांच्यात. दोघेही डावीकडे झुकणाऱ्या पक्षांचे, महासाथ आली तेव्हा दोघांचीही सरकारं आघाडीची, दोन्ही देशांत लोकांचा प्रशासनावर बऱ्यापैकी विश्वास. तरीही वाटा अगदी उलट. वादविवादांत मी या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आता निवड माझ्या हातात असेल तर मी आर्डर्न घेतो. का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं पडलं तर त्यालाही जागा आहे.

बहुतेक जण मृत्यूंच्या आकड्यांपासून सुरुवात करतात. 2020 अखेर न्यूझीलंडमध्ये कोविडचे 25 मृत्यू, स्वीडनमध्ये आठ हजारांहून जास्त. ऐकायला वाद संपल्यासारखा वाटतो, पण तो तिथून सुरू होतो. समोरचा म्हणतो, न्यूझीलंड समुद्राने वेढलेला बेटांचा देश आहे, आणि 2020 ते 2022 या तीन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त झालेले मृत्यू, धरले तर स्वीडन युरोपात सर्वांत कमी असलेल्यांत बसतो. हे खरंच आहे. मग तुम्ही 2020 पुरते शेजारचे नॉर्वे आणि डेन्मार्क काढता, तिथे स्वीडन मागे पडतो. हेही खरं. कालावधी बदला, शेजारी बदला, निकाल बदलतो. दोघांपैकी एकाची निवड करायला आकडे पुरत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

स्वीडनने काहीच केलं नाही, हा समज मात्र आधी सोडा. तिथे मार्च 2020 अखेर पन्नासपेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी होती, एप्रिलपासून वृद्धनिवासांत भेटी बंद होत्या, मोठ्या विद्यार्थ्यांचे वर्ग ऑनलाइन गेले होते. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा तेवढ्या चालू राहिल्या, आणि ही लोव्हेन बाजूची सगळ्यात भक्कम जागा. शाळा बंद ठेवण्याची किंमत मुलांनी किती मोजली हे आज सगळेच मान्य करतात, त्यामुळे हा मुद्दा दर वर्षी जास्त वजनदार होत चालला आहे. तो मांडताना मलाही तो मनापासून पटत असे.

मला नकोसं झालं ते वेगळ्याच गोष्टीने. लोव्हेन यांची बाजू घेतली की लोव्हेन सापडत नाहीत. स्वीडनमध्ये मंत्र्याने सरकारी संस्थेच्या कामात थेट हात घालायचा नाही, अशी जुनी घटनात्मक परंपरा आहे. म्हणून रोज दुपारी पत्रकारांपुढे उभे राहायचे ते सार्वजनिक आरोग्य संस्थेचे आंडेर्स टेग्नेल. तत्त्व म्हणून हे सुंदर आहे. पण उलटतपासणीत कोणी विचारलं की, "वृद्धनिवासांत इतकी माणसं गेली, तो निर्णय कोणाचा?", तर उत्तर देताना दमछाक होते. वृद्धांची काळजी नगरपालिकांकडे, रुग्णालयं प्रादेशिक परिषदांकडे, सल्ला आरोग्य संस्थेचा, कायदा संसदेचा. खंडनासाठी मिळालेला माझा सगळा वेळ ही उतरंड समजावण्यात जायचा, आणि शेवटी समोरून तोच प्रश्न यायचा: मग पंतप्रधानांनी काय केलं? विषय नेतृत्वाचा आहे आणि नेत्यावर बोट ठेवता येत नाही, याने मी हैराण व्हायचो.

ही एकट्या माझी तक्रार नाही. स्वीडनने स्वतःच नेमलेल्या कोरोना आयोगाने फेब्रुवारी 2022 मधल्या शेवटच्या अहवालात कडक टाळेबंदी न करण्याची दिशा ढोबळमानाने योग्य ठरवली. पण सुरुवातीची पावलं उशिरा पडली, सरकार एकाच संस्थेच्या मतावर फार विसंबलं आणि नेतृत्व सरकारने आपल्या हाती घ्यायला हवं होतं, असंही त्यात आहे. धोरण पास आणि नेता काठावर, असा तो निकाल मला वाटतो. तो आला तोवर लोव्हेन पायउतारही झाले होते.

आर्डर्न यांच्याकडे या उलट आहे. 21 मार्च 2020 ला त्यांनी टेबलामागे बसून निर्बंधांच्या चार पातळ्यांची योजना देशाला समजावली, तेव्हा दुसरी पातळी लागू झाली. 25 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत देश चौथ्या, म्हणजे कडक टाळेबंदीच्या पातळीवर होता. त्या संध्याकाळी मुलीला झोपवून, घरच्या साध्या कपड्यांत त्या फेसबुकवर थेट आल्या आणि लोकांच्या बारीकसारीक प्रश्नांना उत्तरं देत बसल्या. काहींना तो देखावा वाटतो, असू दे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की निर्णय कोणाचा, ही शंका कोणालाच उरली नाही.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते, ती जरूर वापरा. संसद नेहमीसारखी भरणार नव्हती, म्हणून सरकारला प्रश्न विचारायला एक खास समिती बनली. तिचे अध्यक्ष होते विरोधी पक्षनेते सायमन ब्रिजेस, आणि समितीत बहुमतही विरोधकांचं. बैठका ऑनलाइन, सगळ्यांना पाहता येतील अशा. एकीकडे अफाट अधिकार वापरायचे आणि त्याच आठवड्यात आपल्याला जाब विचारणारं व्यासपीठ विरोधकांच्या हाती द्यायचं, हे मला त्या काळातलं सर्वांत मोठं काम वाटतं. आर्डर्न आणि त्यांच्या मंत्र्यांनी सहा महिने वीस टक्के पगारकपात घेतली तीही सांगता येईल, पण समितीपुढे ती किरकोळ.

या बाजूला चुकाही आहेत. आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क यांनीच टाळेबंदी मोडली आणि पुढे त्यांना पद सोडावं लागलं. टाळेबंदीच्या पहिल्या नऊ दिवसांचा घरी राहण्याचा आदेश पुरेशा कायदेशीर आधाराशिवाय होता, असं तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्येच ठरवलं. पण चूक झाली की ती कोणाची हे कळतं. वाद करणाऱ्याला पाय ठेवायला जमीन मिळते.

विषय शाळांचा असेल, किंवा तज्ज्ञ आणि राजकारणी यांच्यातल्या सीमेचा असेल, तर लोव्हेन घ्यायला हरकत नाही, कदाचित तेच बरे पडतील. विषय नेत्याच्या जबाबदारीचा असेल तर आर्डर्न. फक्त परदेशी अडकलेल्या नागरिकांचा मुद्दा आधीच तयार ठेवा. स्वतःच्या देशात परतण्यासाठी लोकांना विलगीकरणातल्या खोलीकरता सोडतीसारख्या रांगेत थांबावं लागलं, आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने त्या पद्धतीने हक्कांचा भंग झाल्याचं म्हटलं. समोरचा अभ्यास करून आला असेल तर त्याचा पहिला प्रश्न हाच असणार.