३१५ रायफल की बारा बोरची दुनळी? डोंगरकडेच्या शेतकऱ्यासाठी

पुतण्याचा पीक संरक्षणाचा परवाना या उन्हाळ्यात मंजूर झाला आणि त्याच रात्री त्याने मोबाइलवर एक फोटो धाडला. ब्राउनिंग कंपनीची 'बार' (BAR) नावाची रायफल. वर दुर्बीण, खाली बॅटरी, पुढे दोन पायांचा स्टँड, नवरी सजवल्यासारखी. सोबत एक ओळ, "तात्या, ही कशी वाटते?"

वाटायला छानच वाटते. अमेरिकेत ती १९६७ पासून शिकारीसाठी विकली जाते. बार उडाला की त्याच्याच गॅसवर पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं, त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो आणि नेम न मोडता दुसरा बार काढता येतो. पण असं सेमी-ऑटोमॅटिक हत्यार आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे निर्बंधित गटात जातं. जिल्हाधिकारी कार्यालयातून शेतकऱ्याला मिळणाऱ्या परवान्यावर ते बसत नाही. त्यामुळे फोटो बघावा आणि झोपावं.

मग खरी निवड उरते ती दोघींत. ईशापूरच्या कारखान्याची ३१५ बोल्ट रायफल, म्हणजे दर बाराला हाताने खिट्टी मागेपुढे ओढून काडतूस भरायची, नाहीतर बारा बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्र्याची बंदूक. मी पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला शेती करतो. रायफल सहा पावसाळे वापरली, दुनळीचा हा पाचवा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोन हत्यारं ठेवता येतात, म्हणून "दोन्ही घ्या की" असं सांगणारे भेटतील. माझं मत विचाराल तर एकच घ्या. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला एकच ओझं असतं. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा झाली. जमा केलेली बंदूक परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबेरा धरला होता. कुठलं ठाणं ते राहू द्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नवीन परवानेवाले इथेच गफलत करतात. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. मारलेलं जनावर सरकारचं, त्याचा पंचनामा होतो, ताटात काही येत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत. कोयना आणि चांदोली दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आल्यापासून गवे खाली उसात उतरतात ही तक्रार आमचीही आहे आणि शिराळ्याच्या पाहुण्यांचीही, पण गव्यासमोर बंदूक फक्त आवाजापुरती. म्हणजे वर्षभरात तुम्ही जे बार काढाल त्यांतले बहुतेक हवेत जाणार आहेत. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

रायफलीचं कौतुक आधी करतो, कारण ती माझी पहिली आणि तिने मला कधी दगा दिला नाही. इंग्रजांना लष्कराचं ३०३ काडतूस लोकांच्या हाती नको होतं, त्यातून ही ३१५ आपल्याकडे रुजली. बोल्ट त्याच ली-एनफिल्डच्या घराण्यातला, चिखल खाऊनही चालणारा. माझे दाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले, अपशिंग्याकडचे. त्यांनी माझी रायफल पहिल्यांदा हातात घेतली, बोल्ट दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "आरं, ही तर आपलीच." समोरच्या उताराला, ओढ्यापलीकडे, शंभर पावलांवर नाचणीत उभं असलेलं डुक्कर त्यांनी एका गोळीत पाडलेलं मी पाहिलंय. दुनळीने ते होणार नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. दुनळीचं राज्य तीस-पस्तीस पावलांपर्यंत. त्यापुढे छर्रा पांगतो, जनावर जखमी होऊन रानात शिरतं, आणि सकाळी तेच शेण गोळा करणाऱ्या बाईच्या अंगावर येतं.

तरीही मी रायफल दिली. कारण अगदी क्षुल्लक आहे. ऐकून दाजी हसले होते.

राखणीला आपण एकटे नसतो. माळ्यावर दोघं-तिघं असतात, कुत्री असतात, शेजारच्या वाडीची पोरं हौसेने येतात. आमची शेती तालींची, उतारावर बांध घालून केलेल्या पायऱ्यांची. एका तालीवरून दुसऱ्या तालीवर उतरायचं म्हणजे अंधारात, दवात, बूड टेकत टेकत. अशा वेळी हातात भरलेली बंदूक नको. दुनळी असेल तर ती मोडायची, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली पाडून उघडायची, आणि कोपरावर टाकायची. मोडलेली दुनळी मागच्या माणसाला दिसते, पुढच्याला दिसते, काही बोलावं लागत नाही. रायफलीचं लॉक मी लावलंय हे मलाच माहीत, मागून येणाऱ्याला नाही. मग दर तालीला "लॉक आहे का?" "आहे." "बघ एकदा." किंवा बोल्ट उघडायचा. आणि बोल्ट उघडला की चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत भरलेलं, काडतूस बाहेर. उडालेलं असतं तर टोपण खणकन लांब जाऊन पडतं. भरलेलं मात्र लाजल्यासारखं बाजूला घरंगळतं आणि नेमकं पायाखालच्या चिखलात जातं.

सहा वर्षांत हे किती वेळा झालं मोजलं नाही. शेवटचं तेवढं पक्कं आठवतं. भुईमूग काढायला आला होता, डुकरांनी रोज दोन वाफे उकरायचा सपाटा लावला होता. आम्ही चौघं. कडेच्या तालीवरून उतरताना मी बोल्ट उघडला, काडतूस पडलं. बॅटरी लावून चौघं गुडघ्यावर. खाली डुकरं शेंगा फोडतायत, त्यांचा चपचप आवाज येतोय, आणि आम्ही वर बोटांनी चिखल चाळतोय. हसू नका, कारण ते काडतूस परवान्यावर नोंदलेलं असतं. किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक, याचा हिशेब द्यावा लागतो. सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज देऊन काडतूस हरवल्याचं कळवलं, पोच घेतली. भुईमूग गेला तो गेलाच.

दाजींचं म्हणणं होतं की चेंबर रिकामं ठेवून चालावं, काडतुसं मॅगझिनमध्ये. शिस्त म्हणून बरोबर आहे आणि फौजेत तेच शिकवत असतील. पण डुकराची नजर कमजोर असली तरी कान आणि नाक भलतंच तिखट. वीस पावलांवर बोल्टचा खटॅक आवाज झाला की ते ऐकून थांबत नाही. दुनळी मिटतानाही आवाज होतो, नाही म्हणत नाही. पण नळ्या तशाच धरून दस्ता हळू वर आणला तर चुटकीएवढाच.

कदाचित हा माझ्याच सवयीचा दोष असेल. सपाट रानात, कराडच्या खालच्या बाजूला किंवा मिरजेकडे, जिथे ताली नाहीत आणि माणूस माळ्यावरून खालीच उतरत नाही, तिथे हा त्रास जाणवायचा नाही.

पण दुसरा प्रश्न सपाट रानातही येतो आणि आमच्याकडेही, आणि तो माझ्या मते अधिक गंभीर. वर म्हटलं तसे बहुतेक बार हवेत जातात. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते आणि कुठेतरी उतरते. आमच्या खोऱ्यात दोन किलोमीटरच्या आत वाडी नाही अशी दिशाच नाही. वनकुसवड्याच्या पठारावर माणूस दिसत नाही म्हणावं, तर तिथे धनगरांचे वाडे असतात. दुनळीत बारीक छर्र्याचं काडतूस घालून वर बार काढला तर छर्रे दोन-अडीचशे मीटरवर गारांसारखे पडतात. मोठा छर्राही अर्ध्या किलोमीटरच्या आसपास दम सोडतो. तो अंगावर आला तर लागणारच, पण पलीकडच्या गावात कुणाच्या अंगणात जात नाही. रायफलवाल्या दिवसांत मी बार काढून झोपायला गेलो की उगाच एक हुरहुर असायची. ती गेली. (लग्नात बार काढायचं मात्र दुनळीनेही विसरा. २०१९ पासून त्याला तुरुंगाची तरतूद आहे. आमच्याकडे अजून पाहुणे मागणी करतात.)

काडतुसांचं बघायचं तर दोन्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. म्हणजे माल पुण्यातच तयार होतो, तरी ३१५ साठी मला दुकानदाराकडे तीन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या. बारा बोरचं काडतूस बहुतेक वेळा पहिल्या फेरीत मिळालं, आणि स्वस्तही. डुकरासाठी एलजी, म्हणजे जाड छर्र्याचं काडतूस. त्यात मोठे सहाच गोळे असतात, पण पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावरचं ढालीसारखं कातडं त्याहून बारीक छर्र्याला दाद देत नाही. पिलावळीला हुसकावायला चार किंवा सहा नंबरचा बारीक छर्रा पुरतो. दुनळीची खरी मौज इथे आहे. उजव्या नळीत हवेत उडवायचं आवाजापुरतं काडतूस, डाव्या नळीत एलजी, आणि दोन चाप. बोट एका चापावरून दुसऱ्यावर सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात निर्णय बदलता येतो. पुतण्याला सेमी-ऑटोमॅटिकचा जो दुसरा झटपट बार हवा होता तो हाच. तिसरा बार लागतो कुणाला? मला पाच वर्षांत लागला नाही. पंप ॲक्शनचा, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीचा, सल्लाही काही जण देतात. तीत काडतुसं जास्त मावतात, पण उघडी आहे की मिटलेली हे दुरून कळत नाही, आणि रिकामी करायची तर पुन्हा काडतूस चिखलात. म्हणजे रायफलीचं दुखणं रायफलीच्या फायद्याशिवाय.

दुनळी घेताना जुनी विलायती समोर आली तर मोहात पडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, नळीवर लाकडाच्या नसांसारखी वेलबुट्टी दिसली तर ती दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुन्या पद्धतीची नळी असण्याची शक्यता आहे. भिंतीवर शोभते, आजच्या काडतुसाला नको. दुसरं, चेंबरची लांबी. जुन्या बऱ्याच दुनळ्या अडीच इंची असतात, आणि पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं तर खरं, पण उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या. मी घेतली ती देशी, नवी, दिसायला ठोकळा. नळ्यांचा मिलाफ घट्ट आहे, दस्त्याचं लाकूड मात्र पहिल्याच पावसात फुगलं. ते तासून, जवसाचं तेल पाजून आता ठीक आहे.

साजाबद्दल थोडक्यात. दुर्बीण घेऊ नका. मी रायफलीवर बसवली होती. माझ्या रायफलीत काडतुसं वरून भरायची, ती जागाच तिने झाकली, आणि रात्री वीस पावलांवर तिच्यातून डुकराचे केस दिसायचे, डुक्कर दिसायचं नाही. त्या पैशात बॅटरी चांगली घ्या. ती नळीखाली क्लॅम्पने अशी बसवा की उजेडाचा मध्य आणि छर्र्याचा मध्य तीस पावलांवर एक येईल. हे गोणपाटावर एकदा बार काढूनच कळतं, अंदाजाने नाही. नळीच्या टोकाच्या माशीला, म्हणजे नेम धरायच्या मण्याला, पांढरा ठिपका द्या. मी घरातलं नेलपॉलिश वापरलं, दर पावसाळ्याला पुन्हा लावावं लागतं आणि दरवेळी बोलणी खातो. दस्त्याला रबराचं पॅड लावाच, कारण सेमी-ऑटोमॅटिकचं लाड करणं दुनळीला माहीत नाही. एलजी उसळताना खांद्याला सांगून जातं. पट्टा हवा, पण मोडलेली बंदूक कोपरावर टाकायची सवय लागली की तो फक्त घरी जाताना कामाला येतो.

तुमचा नेम फौजेत तयार झाला असेल, समोर मातीचा उघडा उतार असेल आणि राखणीला तुम्ही एकटेच बसत असाल, तर ३१५ घ्या, मी आडवा येणार नाही. दाजी अजून तिच्यावरच आहेत. माझी रायफल नंतर दुकानदारामार्फत गेली, परवान्यावरची नोंद बदलून घेतली.

या वैशाखात त्याच तालीवर पॉवर टिलर फिरवत होतो. पुतण्या मागे ढेकळं फोडत होता. त्याने ओरडून थांबवलं आणि चिखलाने माखलेलं, हिरवट पडलेलं काडतूस हातावर ठेवलं. ३१५. आता माझ्या परवान्यावर ३१५ नाही, म्हणजे ते घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. टिलर तिथेच उभा करून दोघं ठाण्यात गेलो. जुन्या अर्जाची पोच मी जपली होती म्हणून बरं. हवालदाराने ती बघितली, काडतूस बघितलं आणि विचारलं, "मग आता हे कुठल्या परवान्यावर जमा करून घेऊ?" ते ठरेपर्यंत साडेचार वाजले.

परतताना पुतण्या काही बोलला नाही. रात्री मोबाइल वाजला. दुनळीचा फोटो होता. वर दुर्बीण लावलेली.