बुरूड आळीतले सूप

आश्विन सरता सरता मावळात इंद्रायणी भाताची कापणी सुरू होते आणि झोडणीनंतर घरापुरते धान्य पाखडायला चांगले सूप लागते, म्हणून पुण्याच्या बुरूड आळीतून बांबूचे नवे सूप घेतले. वीण घट्ट असून काठ तारेऐवजी वेताने बांधलेला आहे, त्यामुळे हाताला टोचत नाही. ओसरीवर उन्हाला पाठ देऊन पाखडायला बसले की फोलपटे पुढे उडून जातात आणि भरलेला दाणा मागच्या खोलगट भागात जमतो, जे प्लास्टिकच्या गुळगुळीत सुपात नीट साधत नाही. बांबूला कीड लागते, तेव्हा शेणाने सारवून, कडक उन्हात वाळवूनच ते वापरावे. किंमत प्लास्टिकहून जास्त आहे, पण ही वीण पाहिल्यावर घासाघीस करणे मला तरी प्रशस्त वाटले नाही. लहान हातांना मात्र ते थोडे रुंद पडते.