पूरविमा मागायचा तर कुठल्या धर्तीवर? कोल्हापूरच्या नजरेतून तीन देशांच्या योजना आणि आपली आजची सोय

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2024 मध्येही धोका पातळी ओलांडली. प्रत्येक पुरानंतर सरसकट मदतीची मागणी होते. आता तिच्या जोडीला सरकारी पूरविम्याची मागणीही ऐकू येऊ लागली आहे. ज्या व्यापारी संघटना, गृहनिर्माण संस्था आणि ग्रामपंचायती तसं निवेदन देण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही तुलना.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आपल्याकडे पिकांसाठी सरकारी आधाराचा विमा आहे, पण घर-दुकानासाठी सरकारच्या हमीची पूरविमा योजना नाही. म्हणजे आपण आहे ती योजना सुधारायला निघालेलो नाही, कोरी पाटी आहे. इतर देशांना पन्नास वर्षांनी जे निस्तरावं लागलं, ते सुरुवातीलाच टाळण्याची संधी आहे.

आज काय मिळतं: पंचनामा की पॉलिसी

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत सपाटीवरचं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 रुपये. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. राज्य सरकार पुष्कळदा यात स्वतःची भर घालतं. 2021 मध्ये पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये, असं ठरलं होतं. ही भर दर वेळी नव्या शासन निर्णयाने ठरते, त्यामुळे आधीपासून तिच्यावर हिशेब बांधता येत नाही.

खरी अडचण रकमेपेक्षा मोजण्याच्या पद्धतीत आहे. चिपळूणला पाणी जोरात येतं आणि जातं. आपल्याकडे ते चढतं आणि तुंबून राहतं. कृष्णेला फुगवटा असला की नृसिंहवाडीच्या संगमापासून मागे पंचगंगा उतरायचं नाव घेत नाही, आणि तेच पाणी जयंती नाल्यातून उलटं शाहूपुरीत शिरतं. अशा पुरात आरसीसीचं घर पडत नाही. फ्रिज, वायरिंग, लाकडी दारं, गिरणीची मोटर, दुकानातला माल हे सगळं जातं. पंचनाम्याचं मोजमाप मात्र भिंतींवर बेतलेलं आहे. भिंत उभी, तर नुकसान 'अंशतः'.

इथे बाजारातली पॉलिसी जास्त कामाची ठरते. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते आणि तिच्यात पूर मूळ संरक्षणातच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. घराची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत धरत नाहीत. 1,000 चौरस फूट आणि समजा 2,000 रुपये दर धरला तर 20 लाख. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे 4 लाख, आपोआप मिळतात. वरची मर्यादा 10 लाख. राहण्याजोगं घर उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची तरतूदही तिच्यात आहे. आणखी एक कलम आपल्याकडे फार मोलाचं आहे: पुरासारख्या विमा लागू असलेल्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी. पाणी दारात आलं तरी चोरीच्या भीतीने घर न सोडणारी माणसं दर पुरात असतात, त्यांना हे सांगायला हवं.

दोष एकच, पण मोठा. ही पॉलिसी ऐच्छिक आहे, म्हणून ती घेणारे थोडे. नदीकाठच्यांनीच घ्यायची म्हटलं तर त्यांना पडणारा खरा हप्ता परवडणार नाही. सरकारी हमीचा प्रश्न सुरू होतो तो इथून.

अमेरिका: स्वस्त हप्ता आणि वाढतं कर्ज

अमेरिकेची राष्ट्रीय पूरविमा योजना 1968 ची. घराला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. नकाशावरच्या धोक्याच्या पट्ट्यात घर असेल आणि कर्ज सरकारी पाठबळाचं असेल तर विमा सक्तीचा. नवी पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे पाणी चढताना बघून कुणी विमा घेऊ शकत नाही.

जुन्या घरांना मात्र वर्षानुवर्षं खऱ्या धोक्यापेक्षा कमी हप्ता लावला गेला. तीच ती घरं पुन्हा पुन्हा बुडत राहिली, भरपाई घेऊन त्याच जागी उभी राहत राहिली. 2012 मध्ये संसदेने हप्ते झपाट्याने खऱ्या दरावर आणायचा कायदा केला. किनाऱ्यावरच्या घरमालकांचा इतका रेटा आला की 2014 मध्ये त्यातलं बरंच मागे घ्यावं लागलं. 2017 च्या चक्रीवादळांनंतर योजनेचं 16 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तरी 20 अब्जांच्या वर बाकी राहिलंच. 2021 पासून प्रत्येक घराचं पाण्यापासूनचं अंतर, उंची आणि पुनर्बांधणीचा खर्च पाहून दर ठरतो. राहत्या घराचा हप्ता वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. दर योग्य झाले, पण ज्याला स्थलांतर परवडत नाही त्याच्याच गळ्याशी आले.

कोल्हापूरने यातून दोनच गोष्टी उचलाव्यात. एक, 30 दिवसांची अट. दुसरी, गावाने मिळून पूरनियंत्रणाचं काम केलं तर गावातल्या सगळ्यांच्या हप्त्यात सूट. तिकडे ती 45 टक्क्यांपर्यंत जाते. नाल्यातला गाळ काढणं आणि भराव रोखणं याचा फायदा थेट हप्त्याच्या पावतीवर दिसला, तर ग्रामसभेत त्याचा पाठपुरावा आपोआप होईल.

ब्रिटन: तारीख ठरवणारी योजना

'फ्लड री' 2016 मध्ये सुरू झाली. विमा कंपनी नेहमीसारखी घराची पॉलिसी देते आणि तिच्यातली फक्त पुराची जोखीम ठरलेल्या दराने या सामायिक निधीकडे सोपवते. तो दर पाणी किती जवळ आहे यावर ठरत नाही, तो ठरतो घराच्या स्थानिक कराच्या श्रेणीवर. छोटं घर, कमी कर, कमी दर. तूट भरायला सगळ्या घरविमा कंपन्यांवर वार्षिक आकारणी आहे. पुरानंतर दुरुस्ती करताना, भाग घेणाऱ्या कंपन्यांकडून, घर पाण्याला तोंड देईल असं करायला 10,000 पौंडांपर्यंत जादा मिळतात.

सगळ्यात महत्त्वाची अट: 1 जानेवारी 2009 नंतर बांधलेल्या घरांना या निधीत जागा नाही. योजना सुरू होण्याच्या सात वर्षं आधीची तारीख त्यांनी धरली. नेमकं हेच आपल्याला हवं आहे. 'योजना जाहीर झाल्यापासूनची नवी बांधकामं वगळू' असं म्हटलं, तर घोषणेआधीच्या काही महिन्यांत नदीकाठी भरावाचे डंपर रांगेने उभे राहतील.

पण दुकानं आणि व्यवसाय या योजनेत नाहीत. ज्या शहराचं मोठं नुकसान व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या दुकानांत होतं, तिथे ही फार मोठी उणीव आहे.

फ्रान्स: सगळ्यांनी भरायचं

1982 पासून फ्रान्समध्ये मालमत्तेच्या प्रत्येक विम्यावर एकाच टक्केवारीने नैसर्गिक आपत्तीचा अधिभार लागतो. 1 जानेवारी 2025 पासून तो 12 वरून 20 टक्के झाला. डोंगरमाथ्यावरचा आणि नदीकाठचा एकाच दराने भरतो. घर असो वा दुकान, दोन्हींना संरक्षण. मागे सरकारची हमी असलेली पुनर्विमा संस्था, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी. भरपाई सुरू होण्यासाठी मात्र सरकारने त्या गावात आपत्ती घोषित केल्याचं राजपत्रात यावं लागतं, आणि तिथे विलंब होतो.

ही रचना आपल्या मनाला सर्वांत जवळची. अडचण इतकीच की अधिभार लावायला आधी पॉलिसी हवी, आणि आपल्याकडे तीच नाही.

पातळीवर आधारित विमा

यात पंचनामा नाही. ठरलेल्या ठिकाणी ठरलेली पातळी ओलांडली की ठरलेली रक्कम. नागालँड सरकारने राज्यासाठी याच धर्तीचा, पण पावसाच्या आकड्यावर आधारलेला विमा घेतलेला आहे. महापालिका किंवा जिल्हा परिषदेला निवारा, पंप, औषधं यांसाठी तातडीचा पैसा हवा असतो, तिथे हा उत्तम. घरमालकासाठी मात्र धोकादायक. राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरलं तरी कुरुंदवाड आणि शिरोळच्या गावांत कृष्णेचं पाणी दिवसेंदिवस थांबतं. फक्त बंधाऱ्याचा आकडा धरला, तर शिरोळ बुडूनही कोरडं ठरेल. कृष्णेवरचं कुरुंदवाडचं मोजमाप स्वतंत्र अट म्हणून घातल्याशिवाय कुणी सही करू नये.

मग मागणी कशाची?

आमचं मत स्पष्ट आहे: वसुली फ्रान्ससारखी, दर आणि तारीख ब्रिटनसारखी.

पैसा गोळा करायला पॉलिसी नसली तरी घरफाळा आहे. राज्यभर घरफाळ्यासोबत छोटा पूर-अधिभार, घरफाळ्याच्याच प्रमाणात. राज्यभर यासाठी की एका पुरात सगळं कोल्हापूर एकदम बुडतं. फक्त पूरग्रस्तांचा निधी पहिल्याच फटक्यात रिकामा होईल. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण-महाडही, 2025 ला मराठवाडा. पाणी दर वेळी वेगळ्या दारात जातं, म्हणून ओझं वाटून घेणं न्याय्य आहे. मोठ्या वर्षासाठी वर पुनर्विमा लागेलच.

तारखेचं कलम मसुद्यात पहिल्या पानावर असावं. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आत 2019 च्या पुरानंतर उभी राहिलेली बांधकामं योजनेबाहेर, आणि घरफाळ्याची पावती हा बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा धरायचा नाही, हे दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावं. नाहीतर आज नदी गिळणाऱ्यांचा हप्ता उद्या आपण भरत राहू.

दुकानं आत हवीत. भाडेकरूचं सामान भाडेकरूच्या नावावर हवं. नाहीतर माल बुडतो एकाचा आणि धनादेश जातो दुसऱ्याला. भरपाईतला एक भाग दुरुस्तीपुरता न ठेवता बदलासाठी राखावा: मीटर आणि बोर्ड 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर, माल ठेवायला भक्कम पोटमाळा. आणि ज्या घराला पुन्हा पुन्हा भरपाई द्यावी लागते, त्याला पर्यायी जागेचा प्रस्ताव आधी मिळावा, हप्तावाढ नंतर.

तोवर काय करायचं

पॉलिसी मे महिन्यातच घ्या. गृहकर्ज असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत मागा. ती पुष्कळदा फक्त इमारतीची आणि कर्जाच्या रकमेपुरती असते. गाडी यात येत नाही, तिचा विमा वेगळा.

दुकान-कारखान्याला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर. इथे रक्कम कमी लावण्याचा मोह महागात पडतो. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा, नुकसान 6 लाखांचं, तर हाती येतात 3 लाख; कारण भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पमध्ये हे विशेष जपायला हवं. मार्चमध्ये शेडमध्ये माती आणि साचे असतात, आषाढ-श्रावणात रंगाला आलेल्या गणेशमूर्ती. पूर येतो तोही तेव्हाच. विम्याची रक्कम त्या महिन्यांतल्या मालावर धरा, आणि ऑर्डरच्या वहीचे फोटो घराबाहेर, मोबाइलच्या क्लाउडवर किंवा सीएकडे ठेवा. वही बुडाली की माल सिद्ध होत नाही.

पाणी उतरल्यावर पहिल्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या. भिंत धुण्याआधी पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या. फ्रिज, मोटर, मिक्सर यांच्या मागच्या क्रमांकाच्या पट्ट्यांचे फोटो काढा. फोटो झाले की चिखल काढायला हरकत नाही, पण खराब वस्तू नुकसान मोजणारा विमा सर्वेक्षक बघून जाईपर्यंत कचऱ्यात टाकू नका. भिजलेलं यंत्र किंवा गाडी सुरू करून बघू नका. त्याने झालेली जादा मोडतोड दाव्यातून वगळली जाऊ शकते. महसूल किंवा महापालिकेच्या पंचनाम्याची प्रत जोडा.

2024 च्या नियमांप्रमाणे सर्वेक्षक 24 तासांत नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. तसं झालं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही.