ओ-गोशी की हराई-गोशी: कमरेचा पहिला डाव कोणता घोटावा?

ज्युदोत कमरेचा एकच डाव पक्का करायचा तर कोणता, हा प्रश्न पट्ट्याचा रंग बदलायला लागला की प्रत्येकाला पडतो. मी ओ-गोशी आणि हराई-गोशी दोन्ही घोटले आहेत. ओ-गोशीत दोन्ही पाय जमिनीवर ठेवून समोरच्याला कमरेवरून फेकायचं, हराईत एका पायावर उभं राहून दुसऱ्याने त्याचा पाय झाडायचा. आधी दोन वर्षं हराई, मग ओ-गोशी, आणि आता तिथेच थांबलो आहे. उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याची पद्धत, अंगात मुरलेली आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी हराईबद्दल, कारण तिचा मान मोठा आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा आवडता डाव उकी-गोशी, तोही कमरेचाच. त्यांचा शिष्य शिरो सायगो त्यांच्या कमरेला वळसा घालून पुढे उडी मारायचा आणि निसटायचा. तो निसटणारा पाय अडवायला कानोंनी आपला पाय मागे झाडला, त्यातून हराई घडली असं सांगतात. पळवाटेचं उत्तर डावातच आहे, हे मला आजही फार सुंदर वाटतं. शिवाय कॉलरवरची पकड सोडावी लागत नाही. उंच माणसाला तर ती शोभतेच, कारण आपल्यापेक्षा बुटक्याच्या पट्ट्याखाली कंबर न्यायची तर गुडघे मोडणार तरी किती?

ओ-गोशीची अडचण नेमकी हाताची. उजवा हात कॉलर सोडून काखेखालून पाठीवर जातो, तेवढा क्षणभर तुमच्याकडे फक्त बाही उरते. समोरचा जाणता असेल तर तो तेवढ्यात ताठ होतो, पोट पुढे काढतो आणि तुम्हालाच मागे बसवतो. माझ्यावर तानी-ओतोशी, म्हणजे मागे पाडण्याचा डाव, कितीदा बसली, मोजलेलं नाही. त्याचं पाऊल पुढे पडत असतानाच हात आत गेला तर ही अडचण बरीच कमी होते, पण ते जमायला मला सहा-सात महिने लागले.

मग तरी ओ-गोशी का? मॅटमुळे.

नाशिकमध्ये मी ज्या हॉलमध्ये सराव करतो, तिथे मॅट कायमच्या लावलेल्या नाहीत. संध्याकाळी अंथरायच्या, रात्री उचलायच्या, कारण सकाळी तिथे दुसरं काहीतरी असतं. तासाभराच्या रँडोरीत, म्हणजे मोकळ्या सरावलढतीत, त्या सरकतात आणि दोन मॅटमध्ये बोटभर फट पडते. हराईत दोन माणसांचं वजन तुमच्या एका पावलावर येतं, तेही ते पाऊल वळत असताना. जुलैमधली गोष्ट. बाहेर पाऊस, गी (ज्युदोचा पोशाख) दमट, जोडीदार माझ्यापेक्षा बारा-पंधरा किलोंनी जड. डाव्या पायाचा अंगठा फटीत अडकला, पाऊल तिथेच राहिलं आणि गुडघा वळला. काही तुटलं नाही, पण तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागला.

गुडघा बरा झाला, नजर मात्र बिघडली. आत शिरताना डोळे खाली मॅटच्या सांध्याकडे जायला लागले. हराई मनापासून मारली तरच लागते. अर्धवट मारली की समोरचा तुमच्या पायावरून सहज पाऊल टाकतो आणि एका पायावर उभे असलेले तुम्ही त्याच्या ताब्यात जाता. मान खाली घालून डोकं मॅटकडे नेण्याची सवयही अशाच धडपडीतून लागते, आणि स्पर्धेत त्यासाठी थेट बाद करतात.

ओ-गोशीत दोन्ही पाय त्याच्या पायांच्या आत, जमिनीवर असतात. वळण आहेच, पण भार वाटला जातो. अंगठा अडकला तर थांबून बाहेर येता येतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. डिसेंबरच्या थंडीत मांडी मोकळी व्हायच्या आत पाय झाडावा लागत नाही, ही आणखी एक सोय.

जोडीदाराचाही विचार व्हावा. ओ-गोशीत बाही शेवटपर्यंत हातात राहते, त्यामुळे नवख्यालाही अलगद ठेवता येतं. दमल्यावर मारलेल्या हराईत आपण बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच जातो. तालमीतून आलेल्या मुलांना कुस्तीतल्या ढाकेमुळे कंबर आत घालायची सवय असते, त्यांना ओ-गोशी मी पाहिलंय तसं लवकर उमगते.

तुम्ही उंच असाल आणि तुमच्याकडे मॅट पक्क्या बसवलेल्या असतील, तर हराई घ्या, मी अडवणार नाही. कानोंच्या कोदोकान संस्थेच्या गोक्योत, म्हणजे डावांच्या गटवार यादीत, ओ-गोशी पहिल्या गटात आहे आणि हराई दुसऱ्या, हा क्रम मला तरी आता पटतो.

सुरुवात करणार असाल तर पाठीवरच्या हाताने पट्टा पकडू नका, तळवा सपाट ठेवा. पुढे वाकू नका, गुडघे मोडून खाली जा. उचिकोमीत, म्हणजे न फेकता डावात शिरण्याच्या सरावात, कंबर पुरेशी आत गेली का, हे आरशात बघावं लागत नाही. जोडीदाराच्या पट्ट्याची गाठ तुमच्या माकडहाडाच्या जरा वर टोचली पाहिजे. मला ती पहिल्यांदा टोचली तेव्हा समोरचे ऐंशी किलो कधी उचलले गेले, ते कळलंसुद्धा नाही.